पेशीजीवशास्त्र आणि प्रगत सूक्ष्मदर्शन : पदव्युत्तर अभ्यास

पेशीच्या आत काय चालले आहे हे प्रत्यक्ष पाहून आणि मोजून शिकवणारा पदव्युत्तर अभ्यासक्रम. तो बहुधा दोन वर्षांचा असतो, काही ठिकाणी एका वर्षाचा. पेशीजीवशास्त्राचा सिद्धांत, प्रकाशशास्त्राची तोंडओळख, पेशीसंवर्धन व रंजनाचे हातकाम, प्रतिमांचे विश्लेषण आणि शेवटी काही महिन्यांचा संशोधन प्रकल्प हे त्याचे मुख्य भाग. विद्यार्थी बहुतेक जीवशास्त्र, जैवरसायनशास्त्र किंवा जैवतंत्रज्ञानातून येतात, थोडे भौतिकशास्त्रातून. पहिल्यांना अपवर्तनांक (पदार्थात शिरताना प्रकाश किती वळतो त्याचे माप) जड जातो, दुसऱ्यांना जंतुसंसर्ग न होऊ देता पेशी वाढवणे.

महागड्या यंत्रावर दिसणारे बहुतेक दोष नमुना तयार करतानाच शिरलेले असतात. त्यामुळे या अभ्यासाचा पाया लेसरखोलीत जाण्याच्या कितीतरी आधी, कव्हरस्लिप (नमुन्यावरची पातळ काच) हातात घेतली की पडू लागतो, आणि पहिल्या सत्रात सर्वाधिक वेळ तिथेच द्यावा लागतो.

प्रकाशाची मर्यादा : एर्न्स्ट आबे यांनी १८७३ मध्ये दाखवले की प्रकाशाच्या विवर्तनामुळे अगदी जवळचे दोन बिंदू वेगळे दिसू शकत नाहीत. ही मर्यादा म्हणजे तरंगलांबी भागिले वस्तुभिंगाच्या (नमुन्याजवळच्या भिंगाच्या) न्यूमेरिकल अपर्चरची दुप्पट; हे अपर्चर म्हणजे भिंग किती रुंद कोनातून प्रकाश गोळा करते त्याचे माप. ५२० नॅनोमीटरचा हिरवा प्रकाश आणि १.४ अपर्चर घेतले तर उत्तर सुमारे १८६ नॅनोमीटर येते. खोलीच्या दिशेने विभेदनक्षमता (जवळचे बिंदू वेगळे दाखवण्याची क्षमता) याहून दोन-तीन पटींनी वाईट असते. पेशीतील सूक्ष्मनलिकेची जाडी २५ नॅनोमीटर; चित्रात मात्र ती दोनशेहून अधिक नॅनोमीटर जाड दिसते. ती जाडी नलिकेची नसून भिंगाची आहे, हे ज्याला उमगले त्याला निम्मे प्रकाशशास्त्र आले.

वस्तुभिंगावरच्या आकड्यांपैकी विद्यार्थी आधी विवर्धन वाचतो. वाचायला हवे ते अपर्चर. ६३ पटींचे १.४ अपर्चरचे भिंग १०० पटींच्या १.३ अपर्चरच्या भिंगापेक्षा बारीक तपशील दाखवते आणि प्रकाशही जास्त गोळा करते. भिंगावर ०.१७ असा आकडा असतो, तो कव्हरस्लिपच्या जाडीचा, मिलिमीटरमध्ये. म्हणून १.५ क्रमांकाच्या कव्हरस्लिपा घ्याव्या लागतात. १ क्रमांकाच्या पातळ कव्हरस्लिपेने गोलीय विपथन येते, म्हणजे किरण एका बिंदूत जुळत नाहीत, चित्र धुकट होते, आणि दोष अँटिबॉडीच्या (ठरावीक प्रथिनाला चिकटणाऱ्या रेणूच्या) माथी मारला जातो. भिंग आणि कव्हरस्लिप यांच्यामध्ये घालतात त्या तेलाचा अपवर्तनांक सुमारे १.५१८, म्हणजे काचेच्या जवळपास; पाण्याचा १.३३. त्यामुळे पाण्यात असलेल्या जिवंत पेशींच्या गठ्ठ्यात तेलाच्या भिंगाने दहा-वीस मायक्रोमीटर खोल गेले की चित्र बिघडत जाते. तिथे पाण्याचे भिंग हवे.

आउगुस्ट कोलर यांची नमुन्यावर एकसारखा प्रकाश पाडणारी १८९३ ची प्रकाशयोजना आणि फ्रिट्स झेर्निके यांचे, न रंगवलेल्या पारदर्शक पेशी दाखवणारे फेज कॉन्ट्रास्ट, ज्यासाठी त्यांना १९५३ चे नोबेल मिळाले, हे दोन्ही विषय एकाच सकाळी शिकवून होतात. पण कोलरची मांडणी प्रत्येकाने स्वतःच्या हाताने, दिवा ते कंडेन्सर, निदान दहा वेळा करावी. ती नीट न केलेल्या यंत्रावर फेजचे चित्रही धड येत नाही.

नमुना तयार करणे : स्थिर केलेल्या पेशींचे अँटिबॉडीने प्रतिदीप्त रंजन हा प्रयोग सर्वत्र शिकवला जातो. सामान्य क्रम असा. १२ मिलिमीटरच्या गोल कव्हरस्लिपा २४ कप्प्यांच्या ताटलीत ठेवून त्यांवर पेशी वाढवायच्या. ५० ते ७० टक्के पृष्ठभाग भरला की थांबायचे, कारण दाटीवाटीत पेशी आकसून उंच होतात आणि त्यांच्या कडा ओळखू येत नाहीत. मग माध्यम काढून फॉस्फेट बफरने एकदा धुवायचे आणि ४ टक्के पॅराफॉर्मल्डिहाइड १० ते १५ मिनिटे. तीन वेळा धुवून ०.१ ते ०.२ टक्के ट्रायटन एक्स-१०० दहा मिनिटे, म्हणजे पटलाला भोके पडून अँटिबॉडी आत जाऊ शकते. नंतर १ ते ५ टक्के बोव्हाइन सीरम अल्ब्युमिनने अर्धा ते एक तास ब्लॉकिंग, म्हणजे अँटिबॉडी नको तिथे चिकटू नये. प्रथिनाला चिकटणारी प्रायमरी अँटिबॉडी एक तास, किंवा ४ अंश सेल्सिअसला रात्रभर. धुणे. प्रायमरीला चिकटणारी, रंगद्रव्य जोडलेली सेकंडरी अँटिबॉडी अंधारात एक तास. धुणे. केंद्रकासाठी डॅपी हे डीएनएला चिकटणारे रंगद्रव्य, मिलिलिटरला ०.५ ते १ मायक्रोग्रॅम, पाच मिनिटे. शेवटी रंग टिकवणाऱ्या माध्यमाच्या पाच-दहा मायक्रोलिटर थेंबावर कव्हरस्लिप पालथी ठेवायची.

या साध्या यादीत चुकायला भरपूर जागा आहे. फॉर्मल्डिहाइड शिळे असले की ते पेशींना नीट धरून ठेवत नाही. ते ताजे करायचे असेल तर फ्यूम हूडखाली (विषारी वाफ ओढून घेणाऱ्या कपाटात), सुमारे ६० अंशांवर, सोडियम हायड्रॉक्साइडचे थेंब टाकत चूर्ण विरघळवायचे, गाळायचे आणि सामू ७.४ वर आणायचा. लहान कुप्यांत भरून उणे २० अंशांवर ठेवले तर चालते. वितळवलेली कुपी पुन्हा गोठवू नये. थंडगार द्रावण ओतले तर सूक्ष्मनलिका विरघळू लागतात, म्हणून तंतूंचे जाळे पाहायचे असल्यास द्रावण ३७ अंशांवर कोमट करून घ्यावे. उणे २० अंशांच्या मेथॅनॉलने पाच-दहा मिनिटांत नलिका उत्तम टिकतात, पण पटले धुऊन निघतात, पेशीत जोडलेल्या हिरव्या चमकत्या प्रथिनाची चमक बरीच जाते आणि अ‍ॅक्टिनच्या तंतूंना चिकटणारे फॅलॉइडिन नीट बसत नाही. म्हणजे फिक्स कशाने करायचे याचे उत्तर काय पाहायचे आहे यावर ठरते. मागच्या विद्यार्थ्याच्या वहीतला प्रोटोकॉल आंधळेपणाने उतरवण्याने सर्वाधिक आठवडे वाया जातात.

कव्हरस्लिप एकदाही सुकू देऊ नये. सुकलेल्या कडेवर अँटिबॉडी साचते आणि तिथल्या पेशी भडक चमकतात. नवख्याला तोच भाग सर्वांत यशस्वी वाटतो. अँटिबॉडी वाचवण्यासाठी पॅराफिल्मवर ३० ते ५० मायक्रोलिटरचा थेंब टाकून त्यावर कव्हरस्लिप पालथी घालतात आणि शेजारी ओला टिपकागद ठेवून झाकण लावतात. पेशी कोणत्या बाजूला आहेत हा घोळ इथेच होतो. शंका आली तर चिमट्याच्या टोकाने अगदी कडेला हलकी रेघ ओढून पाहावी. पेशींच्या बाजूला ती उमटते. कव्हरस्लिपेच्या कडा सील करायला नेलपॉलिश लागते, तेही बिनरंगी, कारण रंगीत नेलपॉलिश स्वतःच चमकू शकते.

कंट्रोल, म्हणजे तुलनेसाठीचे नमुने, नसलेले चित्र पुरावा म्हणून धरू नये. निदान तीन लागतात: रंग न लावलेल्या पेशी, फक्त सेकंडरी लावलेल्या पेशी, आणि प्रत्येक रंगाची एकेकटी स्लाइड. अँटिबॉडी खरोखर त्याच प्रथिनाला ओळखते का, हे पाहायचे तर ते जनुक काढून टाकलेल्या पेशींवर ती लावून बघणे हा सर्वांत खणखणीत मार्ग. डॅपीच्या स्लाइडवर केंद्रकाबाहेर बारीक ठिपक्यांची रांगोळी दिसली तर ती सुंदर म्हणून सोडून देऊ नये. ते मायकोप्लाझ्मा, म्हणजे संवर्धनात शिरलेले अतिसूक्ष्म जीवाणू, असू शकतात, आणि तसे असेल तर ते संवर्धन आणि त्यावरचे निकाल दोन्ही बाद.

कॉन्फोकल यंत्रावर : मार्व्हिन मिन्स्की यांनी १९५७ मध्ये या यंत्राच्या पेटंटसाठी अर्ज केला, १९६१ मध्ये ते मिळाले. कल्पना अशी की, लेसर एका बिंदूवर केंद्रित करायचा आणि परतणाऱ्या प्रकाशाच्या वाटेत एक सूक्ष्म छिद्र ठेवायचे, म्हणजे वरच्या-खालच्या थरांचा प्रकाश अडतो आणि एका प्रतलाचा काप मिळतो. हे पिनहोल साधारणपणे एक एअरी एककाएवढे (एका बिंदूच्या विवर्तनाने बनणाऱ्या ठिपक्याएवढे) ठेवतात. ते फार उघडले की यंत्र साध्या प्रतिदीप्ती सूक्ष्मदर्शकासारखे वागते. फार मिटले की प्रकाशच उरत नाही.

स्लाइड उलटी ठेवणे ही पहिल्या दिवसाची ठरलेली चूक. तेलाच्या भिंगाचे कार्यांतर (फोकस झाल्यावर भिंग आणि काच यांमधले अंतर) एक-दोन दशांश मिलिमीटर, तर स्लाइडची जाडी सुमारे एक मिलिमीटर. फोकस सापडत नाही म्हणून चाक फिरवत राहिले की भिंग काचेवर जाऊन दाबते. दुसरी चूक तेल लागलेली स्लाइड कोरड्या भिंगावर आणण्याची. तेल पुसायला भिंगाचाच कागद वापरावा, कारण साध्या टिश्यूने ओरखडे पडतात.

सेटिंग लावताना आधी सर्वांत तेजस्वी नमुना घ्यावा. डिटेक्टरची पातळी अशी ठेवावी की एकही महत्त्वाचा पिक्सेल कमाल आकड्याला टेकणार नाही: ८ बिटला २५५, १२ बिटला ४०९५. टेकलेल्या पिक्सेलात मूळ तेज किती होते हे पुढे कोणत्याही संगणकीय उपायाने कळत नाही. मग त्याच सेटिंगवर सगळे नमुने, कंट्रोल धरून, टिपायचे. मध्येच लेसर वाढवला की तुलना संपली. पिक्सेल विभेदनक्षमतेच्या जास्तीत जास्त निम्मा, शक्यतो त्याहून किंचित लहान. १८६ नॅनोमीटरसाठी ८० नॅनोमीटर ठीक. चित्र खरखरीत असेल तर चार फ्रेमांची सरासरी घेतल्याने गोंगाट निम्मा होतो, पण नमुन्यावर प्रकाशही चौपट पडतो आणि रंग तितका लवकर विरतो.

रंगांची गळती हा वेगळा त्रास. रंगद्रव्याचे उत्सर्जन शिखरापाशी थांबत नाही. हिरव्याची शेपटी नारिंगी चॅनलपर्यंत जाते. दोन प्रथिने एकत्र आहेत असे वाटले की फक्त हिरवी स्लाइड नारिंगी चॅनलमध्ये त्याच सेटिंगने पाहावी. तिथे तेच आकार दिसले तर प्रथिने एकत्र आल्याचा दावा करता येत नाही. उपाय म्हणजे लेसर एकदम न लावता एकामागून एक लावणे, आणि दूरदूरचे रंग निवडणे.

जिवंत पेशी : एक्वोरिया व्हिक्टोरिया या जेलीफिशमधील हिरवे प्रथिन ओसामू शिमोमुरा यांनी १९६२ मध्ये वेगळे काढले. मार्टिन चॅल्फी यांनी १९९४ मध्ये ते दुसऱ्या सजीवांत चमकवून दाखवले, रॉजर त्सिएन यांनी त्याचे नाना रंग घडवले; तिघांना २००८ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. हे प्रथिन २३८ अमिनो आम्लांचे आहे. ते ज्याला जोडायचे त्याच्याच आकाराचे असू शकते, म्हणून जोडल्यावर मूळ प्रथिन आपले काम करते का, हे आधी तपासावे. शिवाय बाहेरून घातलेल्या जनुकाने प्रथिन अमाप तयार झाले की ते नको तिथे साचते. सर्वांत तेजस्वी पेशी निवडण्याचा मोह इथे घातक ठरतो.

यंत्राची पेटी ३७ अंश आणि कार्बन डायऑक्साइड ५ टक्के ठेवून निदान तासभर आधी सुरू करावी, नाहीतर धातू प्रसरण पावत राहतो आणि फोकस सरकतो. माध्यमात सामू दाखवणारे फिनॉल रेड हे रंगद्रव्य नको, ते पार्श्वभूमी उजळवते. प्रकाशाने पेशी दुखावली हे मायटोकाँड्रियावरून लवकर कळते: लांब धाग्यांचे गोल मणी होतात. हिला या प्रयोगशाळेत नेहमी वापरल्या जाणाऱ्या मानवी पेशींचे विभाजन साधारण तासाभराचे. ते तीन ते पाच मिनिटांनी एका फ्रेमवर टिपले तरी पुरते. दर दहा सेकंदांनी टिपत राहिलात तर विभाजन अडकते आणि अडकण्याचे श्रेय औषधाला जाते. म्हणून प्रकाश न पडलेल्या पेशीही शेजारी मोजाव्यात.

मर्यादेपलीकडे : आबेची मर्यादा ओलांडणाऱ्या पद्धतींसाठी एरिक बेट्झिग, स्टेफान हेल आणि विल्यम मोअर्नर यांना २०१४ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. हेल यांच्या स्टेड पद्धतीत दुसरा लेसर कंकणाकृती पडून कडेची चमक विझवतो. पाम आणि स्टॉर्म या २००६ च्या पद्धतींत रेणू थोडे थोडे उजळवून प्रत्येकाचे केंद्र गणिताने काढतात. कसोटीला केंद्रकाची छिद्रे घेतात: सुमारे १०० नॅनोमीटर व्यासाच्या कड्यावर आठ ठिपके सुटे दिसले तर जुळणी उत्तम. एका अँटिबॉडीचा आकारच दहा नॅनोमीटरच्या आसपास असल्याने प्रायमरी आणि सेकंडरी मिळून ठिपका खऱ्या जागेपासून तितकाच, प्रसंगी त्याहून जास्त, हटतो. वीस नॅनोमीटरचा दावा करणाऱ्याने हे लक्षात ठेवावे. लाइट शीट, दोन फोटॉनचे सूक्ष्मदर्शन आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शन यांची बहुधा ओळखच होते. इलेक्ट्रॉनसाठी ग्लुटाराल्डिहाइड, ऑस्मियम टेट्रॉक्साइड आणि ६० ते ९० नॅनोमीटरचे काप लागतात. ऑस्मियमची वाफ डोळ्यांना गंभीर इजा करते. ते हूडबाहेर कधीच उघडू नये.

मोजमाप आणि प्रकल्प : फिजी या मोफत संगणकप्रणालीत उंबरठा लावणे (किती तेजापुढचा पिक्सेल मोजायचा ते ठरवणे), केंद्रके मोजणे आणि तेज काढणे शिकवतात. उंबरठा प्रत्येक चित्राला डोळ्यांनी वेगळा लावला की निकाल हवा तसा येतो. तो आधी ठरवून सगळ्यांना एकच लावावा, आणि शक्य तर कोणता नमुना कोणता हे मोजणाऱ्याला कळू देऊ नये. एकाच दिवशीच्या एकाच संवर्धनाच्या तीन कव्हरस्लिपांवरच्या ३०० पेशी म्हणजे ३०० प्रयोग नव्हेत. तो एकच प्रयोग. वेगवेगळ्या दिवशी निदान तीनदा करून दिवसांच्या सरासऱ्यांची तुलना करावी. प्रकल्पाच्या वेळापत्रकात ही पुनरावृत्ती पहिल्या महिन्यातच धरली नाही तर शेवटी तिला जागा उरत नाही.

प्रबंधात भिंगाचे विवर्धन व अपर्चर, लेसरची तरंगलांबी, पिनहोल, पिक्सेलचा आकार, कापांमधील अंतर आणि सरासरीची संख्या लिहावी लागते. ही सगळी माहिती यंत्राच्या मूळ फाइलमध्ये चित्रासोबत असते. फाइल जेपेग करून साठवली की ती माहिती जाते, आणि पिक्सेलांचे आकडेही बदलतात.