रेस्ट पॅड आणि जॅक: वेड्यावाकड्या जॉबखालचे दोन वेगळे आधार

छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज आणि चिकलठाणा औद्योगिक वसाहतींतील जॉब-वर्क करणाऱ्या कारखान्यांत मिलिंगसाठी, म्हणजे फिरत्या कटरने पृष्ठभाग कापण्यासाठी, येणारे ओतीव भाग क्वचितच सरळ चौकोनी असतात. गिअरबॉक्सचे हाउसिंग किंवा एका बाजूला लांब हात निघालेले ब्रॅकेट व्हाइसच्या जबड्यांत नीट बसत नाही, म्हणून ते फिक्श्चरवर (भाग धरण्यासाठी बनवलेल्या चौकटीवर) खालून आधार देऊन आणि वरून क्लॅम्प लावून धरावे लागते. या खालच्या आधारांत रेस्ट पॅड आणि जॅक असे दोन प्रकार असतात. दोन्ही जॉबखाली, म्हणजे मशिनवर घेतलेल्या भागाखाली, उभे असतात आणि दोन्हींचे माथे जॉबला टेकलेले दिसतात, त्यामुळे आयटीआयमधून नव्याने आलेली मुले दोन्हींना सरसकट ‘सपोर्ट’ म्हणतात आणि जॉब बिघडण्याची सुरुवात तिथूनच होते.

रेस्ट पॅडचे काम जॉबची जागा ठरवणे हे आहे. मोकळ्या वस्तूला तीन दिशांना सरकण्याची आणि तीन अक्षांभोवती फिरण्याची, अशी एकूण सहा प्रकारची मोकळीक असते. खालचे तीन पॅड जॉबचे खाली जाणे आणि दोन्ही बाजूंना कलणे रोखतात, बाजूचे दोन लोकेटर (जागा ठरवणारे पक्के टेकू) आणखी दोन मोकळिकी काढून घेतात आणि टोकाचा एक लोकेटर उरलेली शेवटची. यालाच 3-2-1 नियम म्हणतात. हे पॅड कडक केलेल्या पोलादाचे असतात, ठरलेल्या उंचीला ग्राइंड केलेले असतात आणि जॉब बदलला तरी त्यांना कोणी हात लावायचा नसतो. कच्च्या कास्टिंगखाली ते तीनच असावेत. उंचसखल अंगणात बाज डुलते, तिवई डुलत नाही. तसाच चौथा पक्का पॅड दिला की जॉब कोणत्या तीन पॅडांवर बसेल हे प्रत्येक कास्टिंगगणिक बदलते, आणि वरून क्लॅम्प आवळल्यावर तो चौथ्या पॅडवर टेकेपर्यंत वाकतो.

जॅक मात्र जागा ठरवत नाही. ठरलेल्या जागी बसलेला जॉब कटरच्या दाबाखाली लवू नये किंवा थरथरू नये, एवढेच त्याचे काम आहे. पॅडांच्या त्रिकोणाबाहेर लोंबणाऱ्या हाताखाली, पातळ भिंतीखाली, जिथे कटर फिरताना चॅटर (थरथर) येतो तिथे तो द्यावा. त्याची उंची प्रत्येक कास्टिंगला नव्याने लावावी लागते, कारण ओतीव पृष्ठभाग दर वेळी थोडा वरखाली असतोच.

म्हणूनच क्रमाला इतके महत्त्व आहे. आधी जॉब तिन्ही पॅडांवर आणि बाजूच्या लोकेटरांवर नीट टेकवावा, मग प्रत्येक क्लॅम्प बरोबर पॅडच्या डोक्यावर येईल असा आवळावा, आणि सर्वांत शेवटी जॅक वर आणावा. लोंबत्या हातावर डायल (बारीक हालचाल सुईने दाखवणारे मापक) लावून जॅक हळूहळू फिरवावा. सुई जेमतेम हलली की किंचित मागे घेऊन लॉक करावा. हा क्रम उलटा झाला, म्हणजे जॅक आधीच उंच ठेवला, तर जॉब एखाद्या पॅडवरून उचलला जातो आणि जॅक नकळत लोकेटर होऊन बसतो. प्रत्येक पॅडखाली पातळ कागदाची पट्टी ठेवून ती ओढून पाहिली की हे लगेच कळते: पट्टी सुटून आली, तर जॉब तिथे टेकलेला नाही.

याहून फसवी चूक म्हणजे आधार नसलेल्या हातावर क्लॅम्प देणे. समजा, हात 0.2 मिलिमीटर खाली दाबला गेला आणि त्या स्थितीत वरचा पृष्ठभाग अगदी सपाट मिल केला. मशिनवर डायल सर्वत्र शून्य दाखवील. पण क्लॅम्प सोडताच हात परत वर येईल आणि टोकाशी तेवढाच फरक दिसेल. दोष मशिनचा वाटतो, म्हणून तासन् तास टेबल तपासले जाते. जॅकवर क्लॅम्प देणे भागच असेल, तर तो डायलकडे लक्ष ठेवून हलकाच आवळावा. मोठ्या उत्पादनात स्प्रिंगने अलगद वर येऊन टेकणारे आणि मग तेलाच्या दाबाने जागीच घट्ट होणारे हायड्रॉलिक सपोर्ट वापरतात. त्यांचे तत्त्वही हेच आहे.

आडव्या कटिंगच्या जोराचा भार मात्र जॅकवर टाकू नये. तो बाजूच्या पक्क्या लोकेटरांकडे जाईल अशी कटरची दिशा ठेवावी.

एकदा एक बाजू मिल झाली आणि जॉब त्या बाजूवर उलटला, की तीन पॅडांचे बंधन सैल होते. एकाच सेटिंगमध्ये ग्राइंड केलेले चार पॅड इथे चालतात, किंबहुना मी तेच पसंत करतो, कारण पॅडवर चिप (कापलेल्या धातूचा कण) अडकली असेल तर जॉब डुलून ते लगेच दाखवून देतो. तीन पॅडांवर तो मुकाट्याने तिरपा बसला असता.