दोघीही ‘लाओशी’, पण शिक्षिका एकच

आमच्या शाळेत मँडरिनच्या, म्हणजे प्रमाण चिनी भाषेच्या, तासाला दोघीजणी असतात आणि मुलं दोघींनाही ‘लाओशी’ म्हणतात. लाओशी म्हणजे सर, मॅडम, गुरुजी, सगळंच. आडनावापुढे लाओशी जोडलं की झालं, हुद्दा कोणी विचारत नाही. त्यामुळे पालकसभेत दरवर्षी कोणीतरी आई मुलाचे मार्क का कमी झाले हे विचारायला भलत्याच लाओशींना गाठते. ती बिचारी बावीस-तेवीस वर्षांची मुलगी हसून मान डोलावते, कारण मार्कांशी तिचा काहीच संबंध नसतो. ती भाषा सहायक आहे, लँग्वेज असिस्टंट.

मी मूळची पुण्याची, इंग्लंडमधल्या एका माध्यमिक शाळेत फ्रेंच शिकवते. असिस्टंट बोलावण्याची पद्धत ब्रिटनमध्ये १९०५ पासूनची आहे, तीही फ्रेंचपासूनच सुरू झालेली. चिनी मुली-मुलगे त्या मानाने खूप उशिरा आले. ब्रिटिश कौन्सिलने त्यासाठी परदेशात चिनी भाषेचा प्रसार करणाऱ्या चीनच्या ‘हानबान’ या सरकारी संस्थेशी भागीदारी केली होती. २०२० मध्ये त्या संस्थेचं नाव बदललं. चीनमधून कन्फ्यूशियस क्लासरूमसाठी, म्हणजे चीनच्या मदतीने परदेशी शाळांत चालणाऱ्या चिनीच्या वर्गांसाठी, जे पाठवले जातात ते मात्र शिक्षक. ‘चीनमधून आलेत’ एवढ्यावरून सगळ्यांना एका माळेत ओवू नये.

कागदोपत्री फरक सरळ आहे. शिक्षकाला शाळा नोकरीवर घेते, परदेशातून आणलं तर कुशल कामगाराच्या व्हिसावर. असिस्टंट तात्पुरत्या देवाणघेवाणीच्या व्हिसावर येते आणि तिची पुरस्कर्ती शाळा नसून ब्रिटिश कौन्सिल असते. शिक्षकाकडे वर्ग, अभ्यासक्रम, तपासणी, निकाल. असिस्टंटकडे यातलं काही नाही. फ्रेंच-स्पॅनिशवाल्यांचा आठवडा तर साधारण १२ तासांचाच असतो. पालकांचा गोंधळ तेवढ्यानं मिटतो. शिक्षकांचा, आणि त्याहून जास्त मुख्याध्यापकांचा, मिटत नाही. कारण त्यांच्या डोक्यात एक गणित पक्कं बसलेलं असतं: जन्मापासून चिनी बोलते, म्हणजे चिनी शिकवू शकणारच.

हे गणित कुठे चुकतं ते मी आठवीच्या वर्गात पाहिलं. चिनीत उच्चाराला ठरलेला सूर असतो, चढता, उतरता वगैरे, आणि सूर बदलला की अर्थ बदलतो. एका मुलीनं विचारलं, ‘नी हाव’मधला (म्हणजे ‘नमस्कार’मधला) ‘नी’ पुस्तकात तिसऱ्या सुराचा दाखवलाय, खाली जाऊन वर येणारा. मग तुम्ही तो सरळ वर चढवून का म्हणता? असिस्टंटनं ‘नी हाव’ चार वेळा म्हणून पाहिलं, स्वतःच्याच तोंडाचं नवल केलं आणि म्हणाली, ‘आम्ही असंच म्हणतो.’ शिक्षिकेनं फळ्यावर दोन रेघा ओढल्या: तिसरा सूर लागोपाठ दोनदा आला की पहिला बदलतो, दुसऱ्या सुरासारखा चढतो. अर्ध्या मिनिटात प्रश्न संपला.

हसण्यासारखं काही नाही यात. आपल्याला कोणी विचारलं की ‘चार’मधला च आणि ‘चारा’मधला च वेगळे का, तर आपण काय सांगणार? आपण दोन्ही बरोबर म्हणतो आणि ते वेगळे आहेत हे कित्येकांना चाळिशीपर्यंत ठाऊकही नसतं.

आता उलट बाजू. दुकानाचा संवाद चालला होता. चिनीत ‘विकत घेणं’ आणि ‘विकणं’ दोन्ही ‘माय’. सूर तेवढा वेगळा, घेताना तिसरा, विकताना चौथा. एक मुलगा ठसक्यात म्हणाला की त्याला दोन सफरचंदं हवीत, पण सूर पडला चौथा. शिक्षिका असती तर ‘सूर!’ म्हणाली असती आणि त्यानं तो कंटाळून सुधारला असता. असिस्टंटनं काही सुधारलंच नाही. तिनं पाकीट काढलं, दोन पौंडाचं नाणं त्याच्यासमोर धरलं आणि विचारलं, ‘दुओशाव छिएन?’ कितीला देतोस? पोरगा गडबडला. ही का मला पैसे देतेय? मग ट्यूब पेटली. तो सूर त्या वर्गात पुन्हा कोणाचा चुकला नाही असं मी म्हणणार नाही, पण त्या मुलाचा नाही चुकला.

शिक्षकासमोर चूक म्हणजे लाल शाई. असिस्टंटसमोर चूक म्हणजे समोरच्या माणसाचा झालेला गैरसमज. हे दुसरं पुस्तकातून आणता येत नाही. म्हणून तिला चार-पाच मुलांच्या गटात बसवायचं, हातात तक्ता न देता. तिनं घरच्या नाश्त्याबद्दल बोलावं, मुलांनी अडखळत विचारावं. आमच्याकडे शिक्षकांच्या खोलीत ती साधं गरम पाणी पिताना दिसली आणि त्यावरून मुलांनी वीस मिनिटं प्रश्न विचारले, सगळे चिनीतून.

मलाही तिनं एक गंमत दाखवली. पिनयिनमध्ये, म्हणजे चिनी उच्चार रोमन अक्षरांत लिहिण्याच्या पद्धतीत, बी लिहिलेलं असतं म्हणून इंग्रज मुलं वडिलांना ‘बाबा’ म्हणतात. खरा उच्चार आपल्या ‘पापा’जवळचा. आणि पी लिहिलं की तो आपला फ, ओठ मिटून म्हटलेला, ‘फॅन’मधला नव्हे. प-फ, त-थ लहानपणापासून जिभेवर असल्याने मराठी माणसाचं अर्धं काम आधीच झालेलं आहे. भारताच्या नव्या शैक्षणिक धोरणाच्या २०१९ च्या मसुद्यात परकीय भाषांच्या उदाहरणांत चिनी होती, २०२० च्या अंतिम यादीतून ती गेली. जपानी, कोरियन, थाई मात्र तिथे आहेत. कारणं सीमेवरची असावीत, जिभेची नव्हेत.

मातृभाषकाचा उच्चार म्हणजे प्रमाण उच्चार, हाही एक भ्रमच. चीनच्या दक्षिण भागात अनेकजण ‘श’ला ‘स’ करतात. मग चारचा ‘स्स’ आणि दहाचा ‘श्श’ दोन्ही ‘स्स’ होतात, उरतो फक्त सूर. चव्वेचाळीस म्हणजे ‘चार-दहा-चार’. अशा भागातून आलेल्या मुलीच्या तोंडून तो आकडा ऐकून आमची मुलं हतबल झाली होती. शिक्षिका म्हणाली, छान झालं, चीनमध्ये तुम्हाला असंही ऐकू येईल. परीक्षेत मात्र पुस्तकासारखं म्हणा. असं म्हणायला शिक्षिका वर्गात हवी, एवढंच.

इंग्लंडमध्ये २०१६ साली मँडरिन एक्सलन्स प्रोग्रॅम सुरू झाला. त्यात मुलं आठवड्याला ८ तास या भाषेला देतात, वर्गातले आणि स्वतःच्या अभ्यासाचे धरून. इतके तास म्हटल्यावर शाळांना माणसं कमी पडणार आणि असिस्टंटकडे डोळे वळणार. मी आधी ज्या शाळेत होते तिथे एका असिस्टंटला शिक्षिका आजारी म्हणून सलग आठवडाभर तीस-तीस मुलांसमोर एकटीला उभं केलं. पहिल्या दिवशी ती तयारी करून आली. तिसऱ्या दिवशी मुलं बाकांवर उभी होती. शुक्रवारी ती कॉपिअरच्या खोलीत रडत होती. त्यानंतर तिला कोणी वर्गात बोलावलंच नाही. उरलेले महिने तिनं पेपर कापले, शब्दांच्या चिठ्ठ्या लॅमिनेट केल्या आणि चिनी नववर्षाला लाल कंदील टांगले.

या वर्षीची असिस्टंट ऑक्टोबरमध्ये आली तेव्हा वेळापत्रक मी मागून घेतलं. प्रत्येक चौकोनात कोणता गट आणि त्या वेळी कोणती शिक्षिका जवळ असेल, दोन्ही लिहायला लावलं. दोन चौकोनांत दुसरं नाव रिकामं होतं. ते दोन तास काढून टाकले.