मॉनिटरिंगमध्ये कोणता कंटेनर घ्यायचा, कोणता वगळायचा

ग्राहकांसाठी माहितीपत्रक

मॉनिटरिंगचा एजंट (माहिती गोळा करणारा छोटा प्रोग्रॅम) सर्व्हरवर बसवला की तिथे चालणारा प्रत्येक कंटेनर (लागणाऱ्या सगळ्या गोष्टींसह वेगळा बांधून चालवलेला प्रोग्रॅम) तो आपणहून हुडकून काढतो आणि सगळ्यांचे आकडे नि लॉग गोळा करू लागतो. सुरुवातीला हे सोयीचे वाटते. पुढे डॅशबोर्डवर ओळखीच्या सेवांपेक्षा अनोळखी नावेच जास्त दिसू लागतात, साठवण फुगते, बिल वाढते आणि "एवढे सगळे कशाला गोळा करता?" अशी विचारणा आमच्याकडे येते. प्रश्न रास्त आहे. नको तो कंटेनर वगळणे बहुतेक वेळा एका ओळीचे काम असते. अडचण एवढीच की चुकून वगळला गेलेला कंटेनर काहीही कुरकुर न करता दिसेनासा होतो. ती ओळ लिहिण्याआधी आणि लिहिल्यावर काय पाहायचे, ते इथे सांगतो.

गर्दी नेमकी कुणाची?

कुबरनेटिस या कंटेनर सांभाळणाऱ्या यंत्रणेत बहुधा प्रत्येक पॉडसोबत (पॉड म्हणजे एकत्र चालणाऱ्या कंटेनरांचा गट) 'पॉज' नावाचा एक छोटा कंटेनर असतो. पॉडचे नेटवर्क धरून ठेवणे एवढेच त्याचे काम. बाकी तो नुसता बसून असतो. डेटाडॉग या मॉनिटरिंग साधनाचा एजंट हे पॉज कंटेनर मुळातच वगळतो. सगळी साधने तसे करत नाहीत, आणि जिथे कंटेनरच्या संख्येवर पैसे लागतात तिथे हे निरुपद्रवी कंटेनर उगाच मोजले जातात.

त्याहून मोठा खर्च ठरावीक वेळाने चालणाऱ्या जॉबचा असतो. दर 5 मिनिटांनी चालणारा एक जॉब दिवसाला 288 पॉड तयार करतो, आणि दर वेळी पॉडचे नाव नवे असते. एका पॉडमागे 50 मालिका (एकेका मोजमापाचे वेळेनुसार साठवलेले आकडे) धरल्या तरी दिवसाला 14,400 नव्या मालिका झाल्या, आणि त्यातली प्रत्येक काही सेकंद जगून संपलेली. प्रोमिथियससारख्या आकडे गोळा करणाऱ्या साधनाची मेमरी अशाच ठिकाणी जाते. जॉब नीट पूर्ण झाला की नाही, हे कुबरनेटिसच्या स्वतःच्या स्थितीवरून कळते. त्यासाठी प्रत्येक पॉडच्या सीपीयूचा आलेख साठवायची गरज सहसा नसते.

तिसरा प्रकार साइडकारचा. मुख्य कंटेनरच्या शेजारी चालणारा प्रॉक्सी (येणाऱ्या-जाणाऱ्या विनंत्या पुढे पोचवणारा) प्रत्येक विनंतीमागे एक ओळ लिहीत असेल, तर त्याचे लॉग तुमच्या ॲपच्या लॉगपेक्षा जास्त होतात. इथे घाईने पूर्ण कंटेनर वगळू नका. लॉग बंद करा, पण मेमरीचे आकडे राहू द्या. प्रॉक्सी मेमरीच्या मर्यादेला धडकून मारला गेला तर तुमची सेवा बाहेरून बंदच दिसते, आणि कारण शोधायला तेवढेच आकडे हाताशी असतात. आकडे आणि लॉग वेगवेगळे वगळण्याची सोय चांगल्या साधनांत असते. आमचा बराचसा सल्ला या एका सोयीभोवती फिरतो.

नियम कशावर बांधायचा?

कंटेनर ओळखण्याच्या चार खुणा आहेत: कंटेनरचे नाव, इमेजचे (ज्या साच्यावरून कंटेनर बनतो त्याचे) नाव, नेमस्पेस (कुबरनेटिसमधला नावाचा कप्पा) आणि लेबल किंवा ॲनोटेशन (पॉडला जोडलेली चिठ्ठी). आम्ही शक्यतो शेवटच्या दोन वापरतो. नेमस्पेस आणि लेबल कुणीतरी विचारपूर्वक दिलेले असते. नावे मात्र साधनांच्या मर्जीने बदलतात.

कंटेनर चालवणाऱ्या डॉकरसोबतच्या कंपोज या साधनाच्या पहिल्या आवृत्तीत कंटेनरच्या नावाचे तुकडे अंडरस्कोअरने जोडले जात, दुसऱ्या आवृत्तीत तिथे हायफन आला. जुना नियम अंडरस्कोअर शोधत बसतो आणि काहीच वगळले जात नाही. कुबरनेटिसच्या 1.24 आवृत्तीत, 2022 साली, डॉकरशी जोडणारा डॉकरशिम हा भाग काढला गेला. त्याआधी डॉकरमध्ये दिसणारे नाव कंटेनर, पॉड, नेमस्पेस वगैरे एकत्र गुंफून लांबलचक होत असे; कंटेनरडी या डॉकरऐवजी कंटेनर चालवणाऱ्या साधनावर आल्यावर नुसते कंटेनरचे नाव उरले. त्या लांब नावावर बेतलेले नियम तेव्हा निकामी झाले. इमेजचेही तसेच: नावाच्या आधी रजिस्ट्रीचा (इमेज ठेवण्याच्या कोठाराचा) पत्ता असतो, आणि रजिस्ट्री बदलली की तो बदलतो.

रेजेक्समध्ये (नावे जुळवण्यासाठी लिहिलेल्या नमुन्यात) पाय घसरतो तो असा. समजा, चाचणीसाठीचा 'वेब' नावाचा कंटेनर वगळायचा आहे आणि नियमात नुसते 'वेब' लिहिले. डेटाडॉगमध्ये हा नमुना नावात कुठेही जुळला तरी चालतो, त्यामुळे 'वेबहुक' आणि 'वेब-पेमेंट' हेही गायब होतात. तिथे '^वेब$' असे दोन्ही टोके बांधून लिहावे लागते. प्रोमिथियसमध्ये उलटे: नमुना पूर्ण नावाशी जुळलाच पाहिजे. म्हणून तिथे 'वेब' म्हणजे फक्त 'वेब', आणि 'वेब'ने सुरू होणारे सगळे हवे असतील तर 'वेब.*' लिहावे लागते. एका साधनातला नियम दुसऱ्यात जसाच्या तसा चिकटवू नका.

ॲनोटेशनबद्दलही एक खुलासा, कारण ही तक्रार वरचेवर येते. प्रोमिथियसने आकडे घ्यावेत यासाठी पॉडवर 'स्क्रेप' असे ॲनोटेशन लावायची पद्धत सर्रास दिसते. पण ती फक्त पद्धत आहे. प्रोमिथियसच्या कॉन्फिगरेशनमध्ये ते ॲनोटेशन वाचणारा नियम कुणी लिहिलेला असेल तरच त्याला अर्थ. सर्व्हिस मॉनिटर किंवा पॉड मॉनिटरवर (कुठून आकडे घ्यायचे ते कुबरनेटिसमध्येच सांगणाऱ्या नोंदींवर) चालणाऱ्या मांडणीत तो नियम सहसा नसतो, आणि मग 'खरे' लिहा की 'खोटे', फरक पडत नाही. फ्लुएंट बिट या लॉग गोळा करणाऱ्या साधनामध्येही पॉडला आपले लॉग वगळायला सांगता येते, पण ती मुभा मुळात बंद असते. आधी ती चालू करावी लागते.

घ्या आणि वगळा, दोन्ही सांगितले तर?

डेटाडॉगमध्ये 'घ्या' हा नियम 'वगळा'वर मात करतो. त्यामुळे पूर्ण नेमस्पेस वगळून त्यातली एकच इमेज परत घेता येते. प्रोमिथियसचे रीलेबल नियम (कुठून आकडे घ्यायचे ते ठरवणारे) वरून खाली क्रमाने चालतात, आणि एखाद्या पायरीवर लक्ष्य (जिथून आकडे आणायचे ते ठिकाण) गळाले की खालचा कोणताही नियम ते परत आणत नाही. तिथे अपवाद आधीच्याच नियमात बसवावा लागतो.

प्रोमिथियसमध्ये गाळण्याच्या जागाही दोन आहेत. आकडे आणायला जाण्याआधी गाळले तर त्या लक्ष्याकडे फेरीच होत नाही. आणल्यानंतर मेट्रिक गाळले तर साठवण वाचते, पण आणण्याचा आणि वाचण्याचा भार तसाच राहतो. सर्व्हर आधीच दमला असेल, तर दुसऱ्या उपायाने फारसा आराम पडणार नाही.

'सगळे वगळा आणि हवे तेवढेच घ्या' ही रचना कागदावर फार नीटनेटकी दिसते. प्रत्यक्ष चालू यंत्रणेवर आम्ही ती सुचवत नाही. तुमच्या टीमने नवी सेवा सुरू केली आणि यादीत नाव टाकायचे राहिले, तर ती बंद पडेपर्यंत कुणाला पत्ता लागत नाही. चालू यंत्रणेवर सगळे घ्यायचे आणि माहीत असलेला गोंगाट नावानिशी वगळायचा. चाचणीच्या नेमस्पेसमध्ये खुशाल उलट करा. चालू यंत्रणेचे बिल थोडे जास्त येईल, पण आमच्या मते ते परवडते.

वगळल्यावर काय बदलत नाही

लॉग गोळा करणे थांबवले म्हणून कंटेनर लॉग लिहायचा थांबत नाही. डॉकरच्या मूळ जेसन फाइल पद्धतीत लॉगच्या आकाराला मर्यादा घातलेली नसते, त्यामुळे सर्व्हरची डिस्क भरतच राहते; ती मर्यादा वेगळी घालावी लागते. कुबरनेटिसमध्ये क्युबलेट (प्रत्येक सर्व्हरवर पॉड सांभाळणारा प्रोग्रॅम) ही छाटणी करतो: मूळ मांडणीत एका फाइलला 10 मेबी (MiB) आणि कंटेनरमागे 5 फायली. आधी गोळा झालेली माहितीही लगेच जात नाही. प्रोमिथियसमध्ये मुदत बदलली नसेल तर ती 15 दिवस राहते, त्यामुळे जागा त्याच दिवशी मोकळी झाली नाही म्हणून नियम चुकला असे समजू नका.

सर्वांत जपायचे ते अलर्टला. 'मेमरी 90 टक्क्यांच्या वर गेली तर कळवा' असा अलर्ट असेल आणि तो कंटेनर वगळला गेला, तर अलर्ट बिघडल्याचे कुठे दिसत नाही. तुलना करायला आकडाच नाही, म्हणून तो शांत. महत्त्वाच्या सेवांसाठी 'आकडा येणेच थांबले तर कळवा' असा वेगळा अलर्ट आम्ही लावून देतो. तो नको म्हणू नका.

नियम लावल्यावर एजंट पुन्हा सुरू करावा लागतो का, हे साधनावर अवलंबून आहे. एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधून (प्रोग्रॅम सुरू होताना वाचतो त्या सेटिंगमधून) दिलेला नियम पुन्हा सुरू केल्याशिवाय लागू होत नाही. त्यानंतर एका सर्व्हरवर 'डॉकर पीएस'ची (चालू कंटेनर दाखवणाऱ्या आज्ञेची) यादी, आणि कुबरनेटिस असेल तर त्या नोडवरच्या (सर्व्हरवरच्या) पॉडची यादी, मॉनिटरिंगमध्ये दिसणाऱ्या नावांशी ताडून पाहा. दोन्हींतला फरक तुम्ही वगळायला सांगितलेल्या नावांएवढाच असायला हवा. एक नाव जरी जास्त गळाले असेल, तर नियम मागे घ्या आणि मग कारण शोधा.

बदल कळवताना आम्हाला नेमस्पेस, इमेजचे रजिस्ट्रीसह पूर्ण नाव, आकडे वगळायचे की लॉग की दोन्ही, आणि त्या कंटेनरवर सध्या कोणते अलर्ट आहेत एवढे लिहून पाठवा. तात्पुरते वगळायचे असेल तर कोणत्या तारखेपर्यंत, तेही लिहा. ती तारीख आम्ही नियमाशेजारीच टिपून ठेवतो.