ड्रिलशिपची पिढी कशावरून ओळखायची?

१९६१ सालच्या वसंतात मेक्सिकोच्या ग्वादालुपे बेटाजवळ एक बेढब जहाज समुद्राला भोक पाडायच्या प्रयत्नात उभं होतं. नाव ‘कस-१’. अमेरिकी नौदलाचा जुना तराफा, त्यावर मधोमध तेलविहिरीचा मनोरा. खाली साडेतीन हजार मीटरहून जास्त पाणी. एवढ्या खोलीवर नांगर टाकण्यात अर्थ नव्हता, म्हणून चार कोपऱ्यांना चार वळवता येणारी इंजिनं लावली, भोवती बोयांचं, म्हणजे तरंगत्या खुणांचं, कडं केलं आणि एक माणूस सोनार (ध्वनीने अंतर मोजणारं यंत्र) आणि रडारच्या पडद्यावर त्या बोया बघत हाताने जहाज जागेवर धरून बसला. तळाखाली १८३ मीटर भोक पडलं. पृथ्वीच्या कवचाच्या आरपार जायचं, असं स्वप्न असलेल्या ‘मोहोल’ प्रकल्पाची ही चाचणी होती.

आता दुसरा आकडा बघा. २०२१ मध्ये अंगोलासमोर ‘मर्स्क व्हॉयेजर’ने ३,६२८ मीटर पाण्यात विहीर खोदली, तो जागतिक विक्रम ठरला. म्हणजे साठ वर्षांत खोली जवळपास तिथेच! मग समुद्रतळात विहिरी खोदणाऱ्या या जहाजांना, म्हणजे ड्रिलशिपना, पाचवी, सहावी, सातवी पिढी असे क्रमांक कशाचे लावतात?

हे क्रमांक ठरवणारी कुठलीही अधिकृत संस्था नाही, हे आधीच सांगून टाकतो. पिढी हा बाजाराचा शब्द आहे, थोडाफार मोबाईलच्या ‘जी’सारखा, आणि त्यामागे ‘जी’इतकीही नियमावली नाही. एकाच जहाजाला एक यादी पाचवीत टाकते, दुसरी सहावीत. तरीही त्या शब्दात काही खरं आहे.

‘कस-१’ने मोकळा ड्रिल पाइप पाण्यात सोडला होता. तेलाच्या विहिरीत असं चालत नाही. खाली दाबाखालचा वायू असतो, तो एकदम वर उसळला तर सगळं संपलं. त्याला दाबून ठेवायला विहिरीत जड द्रव भरून ठेवतात. त्याला तिथले सगळे ‘मड’ म्हणतात, पण तो साधा चिखल नव्हे. बराइटसारखी जड पूड घालून त्याचं वजन अगदी मोजून ठेवलेलं असतं. हा मड पाइपातून खाली जातो आणि दगडाचा भुगा घेऊन परत वर येतो. तो समुद्रात सांडू नये म्हणून तळापासून जहाजापर्यंत एक जाड नळी लागते, राइजर. आणि राइजरच्या तळाशी, विहिरीच्या तोंडावर, संकटात पाइप कापून विहीर बंद करणारं तीनचारशे टनांचं धूड: बीओपी (ब्लोआउट प्रिव्हेंटर).

गणित करून बघा. राइजरचा आतला व्यास जवळपास अर्धा मीटर. तीन हजार मीटर लांबीत साडेपाचशे घनमीटरहून जास्त मड मावतो. मड पाण्याच्या दीडपट जड धरला तर नुसत्या मडचंच वजन आठशे टनांच्या वर. शिवाय पोलादी नळी, आणि तिला तरंगतं ठेवायला बाहेरून चढवलेले फोमचे जाकीट. हे सगळं झेलणारं, साठवणारं आणि ओढून धरणारं जहाज मोठंच असावं लागतं. सुरुवातीच्या पिढ्यांची वाढ बरीचशी याच वजनातून झाली.

जागेवर उभं राहायचा प्रश्न त्या मानाने लवकर सुटला. १९६१ मध्येच शेलच्या ‘युरेका’ या छोट्या जहाजावर इंजिनं माणसाऐवजी यंत्रणाच हाकू लागली. आजच्या जहाजाच्या बुडाशी बहुतेक वेळा सहा थ्रस्टर (जहाज ढकलणारे पंखे) असतात, प्रत्येक सगळीकडे फिरणारा. उपग्रह आणि तळावर ठेवलेली ध्वनियंत्रं जागा सांगतात, संगणक दर क्षणाला वारा आणि प्रवाहाचा हिशेब करतो. यात एक गंमत आहे. जहाज ३० मीटर सरकलं, तर ३०० मीटर पाण्यात राइजर जवळपास सहा अंशांनी कलतो आणि धोक्याची वेळ येते. तीन हजार मीटरवर तेच सरकणं अर्ध्या अंशाच्या आसपास. या एका बाबतीत खोल पाणी दयाळू आहे.

मग अडलं कुठे? वेळेवर. राइजरचा एक तुकडा साधारण २३ ते २७ मीटरचा, म्हणजे तीन हजार मीटरला शंभरच्या वर तुकडे, एकेक जोडत खाली सोडायचे. त्यात दिवस जातात, आणि जहाजाचं भाडं रोज लाखो डॉलर. शतकाच्या वळणावर आलेल्या ‘डिस्कव्हरर एंटरप्राइज’ने इथे खरी उडी मारली, असं माझं मत. तिच्या एकाच मनोऱ्यात खोदकामाच्या दोन जागा होत्या. एकीकडे विहिरीचा वरचा भाग राइजरशिवाय खोदत राहायचं, दुसरीकडे बीओपी आणि राइजर उतरवत राहायचं. लग्नघरात एका चुलीवर भात आणि दुसरीवर आमटी, तसं. पाचवी पिढी म्हणतात ती मुख्यतः हीच.

सहाव्या पिढीत हीच मांडणी सरसकट झाली आणि पाण्याची मर्यादा दहा-बारा हजार फुटांवर स्थिरावली. याच काळातल्या ‘धीरूभाई डीपवॉटर केजी-१’ने २०१३ मध्ये आपल्या पूर्व किनाऱ्यासमोर ओएनजीसीसाठी ३,१७४ मीटर पाण्यात विहीर खोदली, आणि काही वर्षं विक्रम भारताच्या समुद्रात होता. आपल्याकडे समुद्रातलं तेल म्हटलं की मुंबई हाय आठवतं, पण १९७४ मध्ये तिथे तेल शोधणारी ‘सागर सम्राट’ चक्क तळावर पाय रोवून उभी होती. पाणी शंभर मीटरही नव्हतं.

२० एप्रिल २०१० रोजी मेक्सिकोच्या आखातात ‘डीपवॉटर होरायझन’वर स्फोट झाला. ती जहाज नव्हे, तरंगता मंच होती. ११ जण गेले आणि विहीर ८७ दिवस वाहत राहिली. बीओपीचं कापणारं पातं चाललं होतं, पण पाइप आत वाकून मधल्या जागेवरून सरकला होता, म्हणून तो पुरता कापला गेला नाही. त्यानंतर बीओपीच्या चाचण्या आणि देखभाल कडक झाली. आता तपासणीसाठी तो वर घेतला की जहाज बसून राहणार. सातव्या पिढीच्या बऱ्याच जहाजांवर म्हणूनच दुसरा बीओपी डेकवर तयार असतो: एक विहिरीवर, एक दुरुस्तीत.

आठवी पिढी पाण्यात आणखी खोल जाण्यासाठी आलेलीच नाही. सिंगापूरमध्ये बांधलेली ‘डीपवॉटर अॅटलास’ आणि ‘डीपवॉटर टायटन’ बारा हजार फुटांपर्यंतच्याच पाण्याची जहाजं आहेत. फरक दाबाचा. आधीचे बीओपी १५ हजार पीएसआय (दर चौरस इंचावर इतके पौंड दाब) झेलायचे, हे २० हजार. घरातला कुकर शिट्टी देतो तेव्हा आत साधारण १५ पीएसआय असतो. म्हणजे तेराशे कुकर एकावर एक. एवढ्या दाबाला विहिरीतल्या नळ्याही जाड आणि जड लागतात, त्यामुळे मनोऱ्याची उचल २५ लाखांवरून ३० लाख पौंडांवर, म्हणजे साडेतेराशे टनांच्या घरात गेली. मेक्सिकोच्या आखातातले अमेरिकेकडचे खोल, तापलेले, एवढ्या दाबाचे थर आहेत हे माहीत होतं, पण त्यांना हात लावता येत नव्हता. ‘टायटन’ने ज्यावर काम केलं, त्या शेव्हरॉनच्या ‘अँकर’ क्षेत्रातून ऑगस्ट २०२४ मध्ये तेल यायला लागलं.