शाळा व्यवस्थापन समिती आणि पालकांचा सहभाग

शाळा व्यवस्थापन समिती : शासकीय, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या आणि अनुदानित शाळांच्या कारभारावर पालकांनी देखरेख ठेवावी, शाळेचा विकास आराखडा त्यांच्या सहभागाने तयार व्हावा आणि शाळेला मिळालेल्या निधीचा विनियोग त्यांच्या नजरेखालून जावा, यासाठी कायद्याने स्थापन झालेली शाळास्तरावरील समिती. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ हा कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. त्याच्या कलम २१ आणि २२ यांनी या समितीला वैधानिक स्थान दिले. महाराष्ट्रात जिल्हा परिषदेच्या दोन शिक्षकी वस्तीशाळेपासून महानगरपालिकेच्या मोठ्या शाळेपर्यंत सर्वत्र ही समिती असणे बंधनकारक आहे. कायदा पहिली ते आठवीपुरता असल्यामुळे नववी-दहावीच्या वर्गांसाठी राष्ट्रीय माध्यमिक शिक्षा अभियानाच्या काळात शाळा व्यवस्थापन व विकास समिती ही वेगळी रचना आली.

पूर्वपीठिका : शाळेच्या कारभारात लोकांचा वाटा किती असावा, हा प्रश्न महाराष्ट्रात दीडशे वर्षे जुना आहे. १८८२ साली ब्रिटिश सरकारने शिक्षणाच्या चौकशीसाठी नेमलेल्या हंटर आयोगापुढे सादर केलेल्या निवेदनात जोतीराव फुले यांनी शेतकऱ्यांच्या घामातून उभा राहणारा महसूल उच्चवर्णीयांच्या वरिष्ठ शिक्षणावर खर्च होतो आणि बहुजनांचे प्राथमिक शिक्षण उपेक्षित राहते, हे स्पष्ट शब्दांत मांडले व प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याची मागणी केली. गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९११ मध्ये मांडलेले सक्तीच्या शिक्षणाचे विधेयक केंद्रीय कायदेमंडळात संमत झाले नाही. मात्र शाहू महाराजांनी १९१७ मध्ये कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे केले. १९२३ च्या मुंबई प्राथमिक शिक्षण कायद्याने प्राथमिक शाळांचा कारभार स्थानिक संस्थांकडे सोपवला आणि १९४७ च्या कायद्याखाली जिल्हा व नगरपालिका शाळा मंडळे काम करू लागली. १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या, तेव्हा ग्रामीण प्राथमिक शाळा त्यांच्याकडे गेल्या आणि जिल्हा परिषदेच्या शिक्षण समितीचा सभापती हे पद गावोगावी परिचयाचे झाले.

या सर्व व्यवस्थांत लोकप्रतिनिधी होते, पण पालक म्हणून कोणालाही जागा नव्हती. निवडून आलेल्या सदस्याची मुले त्या शाळेत शिकत असतीलच असे नव्हते, आणि पुढे पुढे ती बहुधा शिकत नसत. सर्व शिक्षा अभियानाच्या काळातील ग्राम शिक्षण समितीत पालकांना स्थान मिळाले, तरी ती समिती गावाची होती, शाळेची नव्हती. २००९ च्या कायद्याने केलेला खरा बदल हा की, ज्याचे मूल त्या शाळेच्या पटावर आहे त्याला त्या नात्यानेच अधिकार मिळाला.

रचना : कायद्यानुसार समितीतील किमान तीन-चतुर्थांश सदस्य त्या शाळेतील विद्यार्थ्यांचे आई-वडील किंवा पालक असले पाहिजेत, वंचित व दुर्बल घटकांतील बालकांच्या पालकांना प्रमाणशीर प्रतिनिधित्व मिळाले पाहिजे आणि एकूण सदस्यांपैकी निम्म्या महिला असल्या पाहिजेत. महाराष्ट्र शासनाच्या १७ जून २०१० च्या निर्णयाने समितीची सदस्यसंख्या साधारण १२ ते १६ ठरवली. पालक सदस्यांची निवड पालक सभेत होते आणि अध्यक्ष पालकांमधूनच निवडला जातो. उरलेल्या जागांवर स्थानिक प्राधिकरणाचा निर्वाचित सदस्य, शिक्षकांनी निवडलेला शिक्षक आणि स्थानिक शिक्षणतज्ज्ञ येतात. मुख्याध्यापक पदसिद्ध सचिव असतो. समितीची दर दोन वर्षांनी पुनर्रचना करायची आणि महिन्यातून किमान एक बैठक घ्यायची, अशी अपेक्षा आहे.

अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांमध्ये आणि इतर सर्व अनुदानित शाळांमध्ये २०१२ च्या दुरुस्तीनंतर ही समिती केवळ सल्लागार स्वरूपाची राहिली. खाजगी विनाअनुदानित शाळांना कलम २१ लागू होत नाही. तेथील पालकांचे हक्क वेगळ्या कायद्याने ठरतात, त्याचा विचार पुढे केला आहे.

कार्ये : शाळेच्या कामकाजावर देखरेख, शाळा विकास आराखडा तयार करून त्याची शिफारस करणे आणि अनुदानाच्या वापरावर लक्ष ठेवणे ही तीन मुख्य कामे कायद्यात नमूद आहेत. आराखडा तीन वर्षांचा असतो आणि त्याचे वार्षिक उपआराखडे करायचे असतात. येत्या वर्षी कोणत्या वर्गात किती मुले असतील, पहिली ते पाचवीसाठी ३० मुलांमागे एक आणि सहावी ते आठवीसाठी ३५ मुलांमागे एक या प्रमाणात किती शिक्षक लागतील, वर्गखोल्या, स्वच्छतागृहे, पिण्याचे पाणी व कुंपण यांत काय कमी आहे, हे सर्व त्यात मांडले जाते. शासकीय व स्थानिक संस्थांच्या शाळांबाबत हाच आराखडा अनुदानाचा आधार मानला जावा, असे कायदा सांगतो. समग्र शिक्षा योजनेतून पटसंख्येनुसार मिळणारे संयुक्त शाळा अनुदान समितीच्या ठरावाने खर्च होते. त्याशिवाय शिक्षक वेळेवर येतात का, पोषण आहार नीट शिजतो का, शाळाबाह्य मुले कोणती, गावातील दिव्यांग मुलांची नोंद झाली का, हेही समितीने पाहायचे असते.

ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी चालणारी हंगामी वसतिगृहे हे या कार्याचे सर्वांत ठोस उदाहरण आहे. बीडसह मराठवाड्यातील अनेक तालुक्यांतून दिवाळीच्या सुमारास जोडपी कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्राकडे व कर्नाटकाकडे निघतात, आणि मुले बरोबर गेली की त्यांचे सहा महिन्यांचे शिक्षण बुडते. अशा मुलांना गावातच थांबवून त्यांच्या जेवणाची व देखभालीची सोय शाळा व्यवस्थापन समितीमार्फत करण्यात येते. आजी-आजोबांकडे ठेवलेली मुले, रात्री त्यांच्यापाशी कोण राहणार, स्वयंपाक कोणाच्या घरी होणार, हे निर्णय जिल्ह्याच्या कार्यालयातून घेता येण्यासारखे नसतात. ते गावात एकमेकांना ओळखणारे पालकच घेऊ शकतात, आणि स्थानिक देखरेखीचे मूल्य येथे जितके स्पष्ट दिसते तितके क्वचितच इतरत्र दिसते.

मर्यादा : समितीला जबाबदारी भरपूर दिली आहे, अधिकार मात्र बेताचे. शिक्षकांची नेमणूक, बदली, संचमान्यता (पटानुसार शिक्षकपदे ठरवणे) आणि शिस्तभंगाची कारवाई जिल्हा परिषद व शासनाच्या हाती राहते. एखादे शिक्षकपद वर्षभर रिक्त राहिले, तर समिती गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे ठराव पाठवू शकते, पद भरू शकत नाही. तुलनेसाठी अमेरिकेतील शिकागो शहराचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. १९८८ च्या इलिनॉय राज्याच्या कायद्याने तेथील प्रत्येक शाळेला सहा पालक, परिसरातील दोन रहिवासी, दोन शिक्षक आणि मुख्याध्यापक अशी निवडून आलेली परिषद दिली आणि मुख्याध्यापकाला चार वर्षांच्या करारावर नेमण्याचा किंवा न नेमण्याचा अधिकार त्या परिषदेला दिला. सर्व शाळांत सारखी सुधारणा झाली नाही, पण मुख्याध्यापकाला पालकांपुढे उत्तर द्यावे लागते ही गोष्ट तेथे कागदावर उरली नाही.

महाराष्ट्रातील समित्यांची व्यावहारिक अडचण अधिकारांपलीकडचीही आहे. बैठक मजुरीच्या वेळेत ठेवली की रोजंदारीवर जाणारे पालक येऊ शकत नाहीत. त्यांना एका बैठकीसाठी दिवसाचा रोज सोडावा लागतो आणि त्याची भरपाई कोठेही नाही. इतिवृत्ताची वही मुख्याध्यापकाने लिहून सह्यांसाठी घरोघरी पाठवण्याची पद्धत अनेक ठिकाणी रुळली आहे. महिला सदस्याच्या जागी तिचा पती बसतो. पालक सभेत निवड होण्याऐवजी गावातील वजनदार मंडळींच्या संमतीने नावे ठरतात आणि वस्तीवरच्या, तांड्यावरच्या पालकाला आपण सदस्य आहोत हे नंतर कळते. यात दोष पालकांचा नाही. ज्याला शाळेत बोलावले जाते ते सही करण्यासाठी, त्याने प्रश्न विचारावेत अशी अपेक्षा धरणे अन्यायाचे आहे.

अध्ययनाच्या निष्पत्तीशी संबंध : समिती असल्याने मुले अधिक शिकतात का, या प्रश्नाचे उत्तर सरळ ‘होय’ असे नाही. उत्तर प्रदेशातील जौनपूर जिल्ह्यात अभिजित बॅनर्जी, रुक्मिणी बॅनर्जी, एस्थर डफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. तेथे ग्राम शिक्षण समिती अस्तित्वात आहे हे बहुतेक पालकांना माहीत नव्हते, आणि काही सदस्यांना आपण सदस्य आहोत हेही ठाऊक नव्हते. गावसभा घेऊन समितीचे अधिकार समजावून सांगितले, मुलांना किती वाचता येते याची चाचणी ग्रामस्थांकडूनच करवून घेतली, तरी शाळेच्या कारभारात फरक पडला नाही. मात्र त्याच गावांतील तरुण स्वयंसेवकांना वाचन शिकवण्याचे साधे प्रशिक्षण देऊन शाळेबाहेर वर्ग चालवायला सांगितले, तेव्हा त्या वर्गांना येणाऱ्या मुलांच्या वाचनात स्पष्ट सुधारणा झाली. लोकांना कळकळ नव्हती असे नाही. मोठ्या यंत्रणेला हलवण्याचा मार्ग त्यांच्या हाती नव्हता, मुलाला शिकवण्याचा मार्ग दिला गेला तेव्हा त्यांनी तो धरला.

इंडोनेशियातील मध्य जावा व योग्यकर्ता येथील प्रयोग या चित्राची दुसरी बाजू दाखवतो. तेथे शाळा समित्यांना नुसते अनुदान किंवा नुसते प्रशिक्षण देऊन फारसे साधले नाही. समितीची गावाच्या परिषदेशी सांगड घातली आणि सदस्य निवडणुकीने आले, तेव्हा भाषेच्या चाचणीतील गुण वाढले. पश्चिम आफ्रिकेतील गांबियात केलेल्या अभ्यासात प्रौढ साक्षरता कमी असलेल्या गावांना शाळेचा कारभार सोपवण्याचा शैक्षणिक लाभ झाला नाही. या तिन्ही अनुभवांचा रोख एकाच दिशेने आहे. सहभागाची रचना लादून भागत नाही; पालकांना माहिती, ती वापरण्याचे सामर्थ्य आणि ज्याच्याकडे निर्णय आहे त्या संस्थेपर्यंत पोहोचण्याची वाट, ही तिन्ही एकत्र मिळावी लागतात. महाराष्ट्रात ही वाट ग्रामपंचायत, ग्रामसभा आणि पंचायत समिती यांतून जाते, आणि समितीचा ठराव ग्रामसभेत मांडला गेला की त्याचे वजन वाढते.

समित्यांच्या इतिवृत्तांत रंगरंगोटी, छताचे पत्रे, संगणक आणि कुंपणभिंत यांची चर्चा सर्वाधिक असते. हे स्वाभाविक आहे, कारण भिंत डोळ्यांना दिसते आणि तिसरीतील मुलाला दुसरीचा उतारा वाचता येत नाही हे दिसत नाही. २००५ पासून ‘प्रथम’ या संस्थेच्या पुढाकाराने निघणाऱ्या, मुलांचे वाचन व गणित तपासणाऱ्या ‘असर’ अहवालांनी ही न दिसणारी गोष्ट घरच्या ओट्यावर तपासता येईल इतकी सोपी केली. अक्षर, शब्द, परिच्छेद आणि गोष्ट एवढ्या चार पायऱ्यांचा कागद निरक्षर आईलाही समजतो, आणि आपले मूल कोणत्या पायरीवर आहे हा प्रश्न ती शिक्षकाला विचारू शकते. शिक्षकांनी पालकांच्या नियमित सभा घेऊन मुलाची उपस्थिती, आकलन व प्रगती सांगावी हे कर्तव्य कायद्याच्या कलम २४ मध्येच आहे. महाराष्ट्रात २०२२ पासून पहिलीत प्रवेश घेणाऱ्या बालकांसाठी राबवलेल्या शाळापूर्व तयारी अभियानात वस्तीपातळीवर माता-पालक गट तयार करण्यात आले. धान्य निवडताना मोजणी, भाज्यांचे वर्गीकरण, घरातल्या वस्तूंवरून गोष्ट, अशा कृती आठवड्यागणिक ठरवून दिल्या जातात. ज्या आया समितीच्या बैठकीत गप्प बसतात त्या या गटांत मोकळेपणाने बोलतात, कारण बैठक त्यांच्या अंगणात आणि त्यांच्या वेळेला होते.

तक्रार आणि न्यायालयीन मार्ग : बालकाच्या शिक्षणहक्काबाबतची लेखी तक्रार कलम ३२ प्रमाणे स्थानिक प्राधिकरणाकडे करता येते, तिचा निर्णय तीन महिन्यांत व्हावा आणि त्याविरुद्ध राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे अपील करता यावे, अशी तरतूद आहे. कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा उभारण्याचा विचार शासनाने २०२३ मध्ये पुढे आणला, तेव्हा ग्रामस्थांनी व शिक्षक संघटनांनी विरोध केला. डोंगराळ वाडीतल्या सहा वर्षांच्या मुलीला रोज दुसऱ्या गावी पाठवायचे म्हणजे काय, हे त्या मुलीच्या पालकांइतके कोणालाच ठाऊक नसते, म्हणून अशा निर्णयापूर्वी समितीचे मत घेणे अनिवार्य असायला हवे.

विनाअनुदानित शाळांत पालकांची भूमिका प्रामुख्याने शुल्काशी जोडलेली आहे. महाराष्ट्र शैक्षणिक संस्था (शुल्क विनियमन) अधिनियम, २०११ नुसार अशा शाळांत पालक-शिक्षक संघ स्थापन करावा लागतो आणि व्यवस्थापनाने सुचवलेले शुल्क संघाच्या कार्यकारी समितीपुढे मंजुरीसाठी ठेवावे लागते. मतभेद राहिल्यास प्रकरण विभागीय शुल्क नियामक समितीकडे जाते. याच शाळांतील २५ टक्के जागा वंचित व दुर्बल घटकांतील बालकांसाठी राखीव ठेवण्याची तरतूद २००९ च्या कायद्याच्या कलम १२ मध्ये आहे. ९ फेब्रुवारी २०२४ च्या अधिसूचनेने राज्य शासनाने, एक किलोमीटरच्या परिसरात शासकीय किंवा अनुदानित शाळा असल्यास, खाजगी विनाअनुदानित शाळांना या बंधनातून वगळले. त्याविरुद्ध पालक व संघटनांनी मुंबई उच्च न्यायालयात याचिका दाखल केल्या. न्यायालयाने मे महिन्यात अधिसूचनेला स्थगिती दिली, १९ जुलै २०२४ रोजी ती रद्द ठरवली आणि सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्टमध्ये तो निर्णय कायम ठेवला. त्यामुळे राखीव जागांवरील प्रवेश पूर्वीच्या नियमांनुसार पुन्हा सुरू झाले.