पार्श्वभूमी: नेटवर्कवरचा ऑडिओ आणि एईएस६७ने सोडून दिलेला प्रश्न

एईएस६७ हे वेगवेगळ्या उत्पादकांच्या यंत्रांमध्ये नेटवर्कवरून ऑडिओ पाठवण्याचे मानक आहे. प्रवाह सापडणार कसा, हा प्रश्न मात्र त्याने सोडून दिला. पॅकेटमधून, म्हणजे डेटाच्या छोट्या तुकड्यांतून, बोलणे पाठवण्याचे प्रयोग १९७०च्या दशकातच झाले होते. एकाच प्रवाहाचे अनेक श्रोते, म्हणजे मल्टिकास्ट, ही सोय १९८९मध्ये मानक म्हणून लिहिली गेली. मार्च १९९२मध्ये एका तांत्रिक बैठकीचा आवाज याच पद्धतीने तीन खंडांतल्या २० ठिकाणी ऐकला गेला. १९९६मध्ये ऑडिओ-व्हिडिओ वेळेवर पोहोचवण्याचा आरटीपी हा प्रोटोकॉल आला आणि प्रत्येक पॅकेटला क्रमांक आणि वेळेचा शिक्का मिळाला. खुल्या इंटरनेटवर मात्र मल्टिकास्ट रुजला नाही. तिथे आजही बहुतेक वेळा प्रत्येक श्रोत्याला वेगळी प्रत जाते. तो टिकला तो स्टुडिओ, सभागृह आणि प्रसारण केंद्रांच्या बंदिस्त नेटवर्कमध्ये.

खरी गुंतागुंत इथूनच सुरू झाली. १९९६ ते २०१० या काळात एकामागून एक व्यावसायिक प्रणाली आल्या. आत सगळीकडे तोच न आकुंचलेला पीसीएम ऑडिओ, म्हणजे आवाजाच्या नमुन्यांचे थेट आकडे, होता, पण एका प्रणालीचे यंत्र दुसरीशी बोलत नव्हते. सप्टेंबर २०१३मध्ये प्रसिद्ध झालेल्या एईएस६७ने किमान समान भाषा ठरवली: ४८ किलोहर्ट्झ, म्हणजे सेकंदाला ४८ हजार नमुने, १ मिलिसेकंदाचे पॅकेट, म्हणजे प्रत्येक चॅनलचे ४८ नमुने, आणि १६ किंवा २४ बिट. आठ चॅनलचे २४ बिट नमुने धरले तर ११५२ बाइट होतात आणि ते इथरनेटच्या एका फ्रेममध्ये सहज मावतात. यंत्रांची घड्याळे जुळवायला पीटीपी या प्रोटोकॉलची २००८ची आवृत्ती घेतली. ती २००२च्या आवृत्तीशी थेट जुळत नाही, त्यामुळे जुन्या आवृत्तीवर चालणाऱ्या यंत्रणांना मध्ये दुवा ठेवावा लागला.

प्रवाह सापडणार कसा, हे मात्र मानकाने बंधनकारक केले नाही. प्रत्येक उत्पादकाकडे शोधाची आपापली पद्धत होती. त्यातली एक लादली असती, तर सहमती कदाचित झालीच नसती. हा बचाव समजण्यासारखा आहे, पण त्याची किंमत स्टुडिओत काम करणाऱ्यांनी मोजली. मानक पाळणारी दोन यंत्रे एकाच स्विचला जोडलेली असूनही एकमेकांच्या यादीत दिसत नाहीत. मग प्रवाहाचे वर्णन करणारी एसडीपी मजकुराची फाइल एकीकडून काढून दुसरीकडे हाताने चिकटवायची. त्यातल्या प्रवाहाच्या पत्त्यातला एक अंक चुकला की पडद्यावर सगळे ठीक दिसते आणि स्पीकरमधून काहीच येत नाही. किमान एक पद्धत सक्तीची असायला हवी होती, असे प्रस्तुत लेखकाचे ठाम मत आहे.

२०१७मध्ये व्हिडिओ प्रसारणाच्या मानकांनी ऑडिओसाठी एईएस६७चाच पाया घेतला. शोध आणि नोंदणीचे खुले नियम स्वतंत्रपणे तयार झाले, पण जुन्या यंत्रांना ते आपोआप मिळत नाहीत. तिथे प्रवाह उपलब्ध असल्याची घोषणा करणारे जुने सॅप पॅकेट आणि हाताने भरलेला पत्ता, दोन्ही अजून वापरात आहेत.