दुसऱ्या दिवशीची अंगदुखी लॅक्टिक अ‍ॅसिडमुळे नसते

व्यायाम सुरू केला की दुसऱ्या दिवशी जिना उतरताना मांड्या ठणकतात. मग कुणीतरी हमखास सांगतं, ‘लॅक्टिक अ‍ॅसिड साठलंय, आज परत घाम गाळ, निघून जाईल.’ हे चूक आहे आणि त्यापायी लोक दुखऱ्या स्नायूंवर विनाकारण जोर देतात.

जोरदार व्यायामात लॅक्टेट (लॅक्टिक अ‍ॅसिडचं शरीरातलं रूप) वाढतं खरं, पण थांबल्यावर साधारण तासाभरात ते पूर्वपदावर येतं. शिवाय ते टाकाऊ नाही; हृदय आणि स्नायू ते इंधन म्हणून वापरतात. दुखणं मात्र 24 ते 72 तासांत सर्वाधिक असतं. 1983 साली एका प्रयोगात तीच माणसं ट्रेडमिलवर 45 मिनिटं सपाट आणि उतारावर धावली. सपाट धावताना लॅक्टेट वाढलं, पण नंतर दुखलं नाही. उतारावर ते वाढलंच नाही, तरी पाय दुखले!

उतरताना मांडीचा स्नायू भार पेलत लांब होतो, तेव्हा त्याच्या तंतूंना सूक्ष्म इजा होते. तीच सुधारताना दुखतं. तोच व्यायाम काही दिवसांनी परत केला तर दुखणं बरंच कमी होतं, कारण स्नायू तेवढा भार सोसायला शिकलेला असतो. मला शरीराची ही गोष्ट फार आश्वासक वाटते. म्हणून नवख्यांनी पहिल्या आठवड्यात घाबरून व्यायाम सोडू नये. भार कमी ठेवावा, हलकं चालावं. पण दुखणं असह्य असेल, सूज असेल किंवा लघवी काळपट होत असेल, तर ताबडतोब डॉक्टर गाठावा.